दिल्लीचा धूर, पुण्याचा हिशेब

२०१० साली दिल्लीच्या बातम्यांमध्ये पुण्याचे नाव वर्षभर येत राहिले. ऑक्टोबरात होऊ घातलेल्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या आयोजन समितीचे अध्यक्ष सुरेश कलमाडी हे पुण्याचे खासदार, आणि त्यांच्या नावासोबत जे छापून येत होते ते पुणेकरांनी मिरवावे असे नव्हते. त्याच स्पर्धांशी पुण्याचा आणखी एक संबंध होता, तो फारसा कुणाच्या ध्यानात आला नाही. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेवर, म्हणजे आयआयटीएमवर, एक काम सोपवलेले होते. स्पर्धा चालू असताना उद्या दिल्लीची हवा कशी असेल, ते आज सांगायचे.

पाऊस सांगणाऱ्यांची थट्टा करायची आपल्याकडे जुनी रीत आहे. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हे महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी ऐकले आहे. हवेतल्या प्रदूषणाचा अंदाज त्याहून अवघड. पावसाला लागणारे पाणी, उष्णता आणि वारा निसर्ग पुरवतो आणि त्यांचे नियम ठरलेले असतात. धूर माणूस सोडतो. कुणी, कुठे, किती वाजता, काय जाळले हे कुठल्याही समीकरणातून बाहेर पडत नाही. ते जाऊन मोजावे लागते.

गुफ्रान बेग यांच्या नेतृत्वाखालच्या पथकाने तेच केले. दिल्ली आणि भोवतालचा ७० किलोमीटर गुणिले ६५ किलोमीटरचा पट्टा त्यांनी १.६७ किलोमीटर बाजूच्या चौकोनांत विभागला. असे सुमारे सोळाशे चौकोन झाले. मग विद्यार्थी स्वयंसेवक हाताशी घेऊन प्रत्यक्ष माहिती गोळा करण्याची मोहीम सुरू झाली. कुठल्या रस्त्यावरून किती आणि कसली वाहने जातात, झोपडपट्टीत चूल कशावर पेटते, हॉटेले आणि हातगाड्या कोणते इंधन वापरतात, वीज गेल्यावर किती जनरेटर धडधडतात, याचा शोध घेतला गेला. सरोजकुमार साहू, बेग आणि नेहा पारखी यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात या खटाटोपाची बेरीज आहे. त्या पट्ट्यातून वर्षाला दोन लाख ३६ हजार टन पीएम १० आणि ९४ हजार टन पीएम २.५ हवेत जात होते. पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, तर पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचणारे. यातले निम्म्याच्या आसपास पीएम १० धुराड्यातून आले नव्हते की सायलेन्सरमधून. ती नुसती रस्त्यावरची उडालेली धूळ होती.

हा तक्ता तयार झाल्यावर खरा संगणकाचा खेळ सुरू झाला. पण तो खेळ आला कुठून, ते आधी पाहायला हवे, कारण त्याची वंशावळ चमत्कारिक आहे.

लुईस फ्राय रिचर्डसन हा इंग्रज क्वेकर पंथाचा, म्हणजे युद्धाला नकार देणारा. पहिल्या महायुद्धात त्याने बंदूक घेतली नाही, फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवली. जखमी वाहून नेण्याच्या फेऱ्यांमधून मिळेल त्या वेळात तो एक विलक्षण आकडेमोड करत बसे. युरोपच्या नकाशावर चौकोन आखायचे, प्रत्येक चौकोनातला दाब, वारा आणि तापमान घ्यायचे, भौतिकशास्त्राची समीकरणे लावायची आणि पुढच्या सहा तासांचे हवामान हाताने काढायचे. शाँपाञच्या लढाईत त्याचे हस्तलिखित हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. उत्तर साफ चुकलेले होते. सहा तासांत दाब १४५ हेक्टोपास्कलने वाढेल असे गणित म्हणत होते, प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाच नव्हता. तरीही १९२२ मध्ये त्याने ते सगळे, चुकलेल्या उत्तरासकट, पुस्तकरूपाने छापले. जगभरचे हवामान वेळेत सांगायचे तर एका प्रचंड सभागृहात ६४ हजार माणसे बसवून आकडेमोड करून घ्यावी लागेल, असा अंदाजही त्यात दिला. पुढे १९५० मध्ये एनियाक या संगणकाने त्या माणसांची जागा घेतली.

रिचर्डसनने हवामानखात्याची नोकरी १९२० मध्येच सोडली होती, कारण ते खाते विमानदलाच्या मंत्रालयाखाली गेले. त्याच्या पत्नीने पुढे लिहून ठेवले की हवेतल्या खळबळीवरच्या त्याच्या संशोधनात सर्वांत जास्त रस विषारी वायूच्या तज्ज्ञांनाच आहे, हे कळल्यावर त्याने अप्रकाशित काम नष्ट केले. त्याची भीती खोटी नव्हती. एका ठिकाणाहून सुटलेला वायू वाऱ्यावर किती पसरतो आणि किती पातळ होतो, याचे गणित इंग्लंडमध्ये पोर्टन डाउन इथे, रासायनिक युद्धाच्या प्रयोगशाळेत वाढले. तिथे काम केलेल्या फ्रँक पास्क्विलने १९६१ मध्ये हवेच्या स्थैर्याचे ‘ए’ ते ‘एफ’ असे सहा वर्ग मांडले. कारखान्याच्या चिमणीची उंची ठरवताना जगभरचे अभियंते पुढे तेच वर्ग वापरत राहिले.

चिमणी एक असेल तर हे गणित चालते. शहर म्हणजे लाखो चिमण्या, आणि त्यातून निघालेला धूर वाटेत गप्प बसत नाही. हे पहिल्यांदा कळले लॉस एंजेलिसमध्ये. जुलै १९४३ मध्ये तिथे एका दिवशी असे धुरके दाटले की जपान्यांनी विषारी वायूचा हल्ला केला असे लोकांना वाटले. आधी ब्युटाडाइनच्या एका कारखान्यावर आळ आला. तो बंद ठेवला तरी डोळे चुरचुरायचे थांबले नाहीत. कॅल्टेकमध्ये अननसाच्या वासाची रसायने तपासत बसलेल्या आरी हाखन-स्मित या डच जीवरसायनतज्ज्ञाने ते कोडे सोडवले. मोटारी आणि तेलशुद्धीकरण कारखाने यांचे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे उन्हात एकत्र शिजून ओझोन तयार होतो, हे त्याने १९५२ पर्यंत दाखवून दिले. म्हणजे मोटारीतून जे बाहेर पडते ते आणि नाकात जे जाते ते एकच नसते. मध्ये हवेत एक भट्टी चालू असते.

या भट्टीसकट हिशेब मांडायचा तर रिचर्डसनच्या चौकोनांकडे परतण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९७३ मध्ये स्टीव्हन रेनॉल्ड्स, फिलिप रॉथ आणि जॉन साइनफेल्ड यांनी लॉस एंजेलिसच्या खोऱ्यावर काल्पनिक खोक्यांची उतरंड रचली. प्रत्येक खोक्यात वारा काय आणतो, काय नेतो, रसायने एकमेकांना काय करतात, जमिनीवर काय बसते, आणि खालून नवी काय भर पडते, हे दर काही मिनिटांनी मोजायचे. आजची सगळी मॉडेले, अमेरिकन पर्यावरण संस्थेचे १९९८ चे सीमॅक असो वा २००५ मध्ये आलेले डब्ल्यूआरएफ-केम, याच कल्पनेची वाढलेली रूपे आहेत. डब्ल्यूआरएफ-केमचा विशेष इतकाच की त्यात हवामान आणि रसायन एकाच वेळी, एकाच चौकोनात पुढे सरकतात. धुराने ऊन अडवले तर जमीन थंड राहते, जमीन थंड राहिली तर हवा वर चढत नाही, आणि हवा वर चढली नाही तर धूर आणखी दाटतो. हे स्वतःलाच वाढवत नेणारे चक्र दिल्लीच्या हिवाळ्याचे वर्म आहे. आयआयटीएमने हेच मॉडेल घेतले.

युरोपातली गोष्ट दोन वाक्यांत सांगून सोडून देता आली असती, पण पुढे दिल्लीत जे झाले ते समजायला ती लागते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वान्ते ओदेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने सांगितले की आमच्या तळ्यांत पडणारा आम्ल पाऊस बाहेरच्या देशांच्या गंधकाचा आहे. अर्थातच बाहेरच्यांनी ते मानले नाही. मग १९७७ मध्ये ‘एमेप’ हा सामायिक कार्यक्रम उभा राहिला. ओस्लोतले गणकयंत्र सगळ्या देशांच्या वतीने हिशेब करू लागले आणि कुणाचे गंधक कुणाच्या अंगणात किती पडते याचा तक्ता दरवर्षी निघू लागला. जाणकार त्याला गमतीने दोषाचा तक्ता म्हणत. शीतयुद्ध ऐन भरात असताना पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडच्या देशांनी तो स्वीकारला आणि १९८५ मध्ये हेलसिंकीला गंधकाचे उत्सर्जन तीस टक्क्यांनी घटवण्याचा करार झाला. आकडा सर्वांचा होता, म्हणून भांडण आकड्यावर झाले नाही.

पुन्हा दिल्लीकडे. ३ ते १४ ऑक्टोबर २०१० दरम्यान स्पर्धा झाल्या आणि ‘सफर’ असे नाव मिळालेल्या या यंत्रणेने पुढच्या २४ तासांच्या हवेचे अंदाज दिले. भारतात हे पहिल्यांदाच घडत होते. त्याआधी दोन वर्षे बीजिंगने ऑलिम्पिकसाठी निम्म्या मोटारी रस्त्यावरून उतरवल्या होत्या. दिल्लीने तसले काही केले नाही, फक्त सांगण्याची व्यवस्था केली. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा दिल्लीत तसा सुखाचा असतो, पाऊस नुकताच धुऊन गेलेला असतो. परीक्षा सोपी होती असे म्हणायला हरकत नाही. अवघड पेपर नोव्हेंबरात असतो.

स्पर्धा संपल्या, यंत्रणा राहिली. २०१३ मध्ये ती पुण्यात आली. शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव, कात्रज, हडपसर, भोसरी, निगडी, आळंदी अशा ठिकाणी मोजणी केंद्रे लागली आणि चौकांत आकडे दाखवणारे फलक झळकले. सिग्नलला थांबलेल्या दुचाकीस्वाराला पहिल्यांदाच आपल्या नाकात काय चालले आहे ते वाचता येऊ लागले. २०१५ मध्ये मुंबई आणि २०१७ मध्ये अहमदाबाद ही शहरे तिच्यात आली. दरम्यान देशभरासाठी एकच हवा गुणवत्ता निर्देशांक ठरला. शून्य ते ५०० हा त्याचा पल्ला, सहा रंग, सहा नावे. ऑक्टोबर २०१४ मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री प्रकाश जावडेकर यांनी तो मांडला आणि एप्रिल २०१५ मध्ये तो लागू झाला.

मुंबईचे गणित दिल्लीहून निराळे आहे. दुपारी समुद्रावरून वारा येतो आणि धूर पूर्वेकडे ढकलतो, रात्री वारा उलटतो आणि गेलेल्यातला काही भाग परत येतो. चौकोन मोठे घेतले तर ही ये-जा मॉडेलला दिसतच नाही. एरवी मुंबईकर या वाऱ्याच्या भरवशावर निश्चिंत असतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तो भरवसा ढळला आणि मुंबईची हवा आठवडेच्या आठवडे बिघडलेली राहिली. ला निनाचे ते सलग तिसरे वर्ष होते. त्यामुळे वाऱ्याची घडी विस्कटली, दक्षिण भारतीय द्वीपकल्पाची हवा बिघडली आणि उत्तरेची थोडी सुधारली, असे बेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे मांडले. पण वाऱ्याने पाठ फिरवली तेव्हा उघडे पडले ते शहरभर चाललेले बांधकाम. पुढच्या हिवाळ्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेने बांधकामांभोवती उंच पत्रे लावण्याचे नियम काढले.

दिल्लीत नोव्हेंबरचा पेपर २०१६ मध्ये आला. त्या वर्षी ३० ऑक्टोबरला दिवाळी होती. फटाक्यांचा धूर, पंजाब-हरियाणातून येणारा शेतातल्या आगीचा धूर आणि पडलेला वारा, तिन्ही एकत्र आले. आठवडाभर शहर धुरक्यात बुडाले, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने आदल्याच वर्षी या शहरात राहणे म्हणजे वायुकक्षात राहण्यासारखे आहे असे म्हटले होते. आता ते कुणाला अतिशयोक्त वाटेना. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून जानेवारी २०१७ मध्ये टप्प्याटप्प्याने करायच्या कारवाईचा आराखडा, ‘ग्रॅप’, अधिसूचित झाला. हवा अमुक पातळीला गेली की जनरेटर बंद, तमुक पातळीला गेली की बांधकाम बंद, ट्रक बंद. पण हे सगळे हवा बिघडल्यावर. विष पोटात गेल्यावर उतारा शोधण्याचीच ती रीत होती.

शेतातल्या या आगीची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. भूजल वाचवण्यासाठी पंजाबने २००९ मध्ये कायदा करून भाताची लावणी जूनच्या मध्यावर ढकलली. हेतू चांगला होता. पण लावणी लांबली तशी कापणीही लांबली, आणि गव्हाच्या पेरणीआधी शेत मोकळे करायला शेतकऱ्याच्या हातात दोन-तीन आठवडेच उरले. खुंट जाळण्याचा काळ ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आणि नोव्हेंबरात सरकला. नेमका तेव्हाच वारा वायव्येकडून, म्हणजे पंजाबकडून दिल्लीकडे वाहतो, आणि हवेवर थंडीचे झाकण बसते. एरवी दीड-दोन किलोमीटर उंचीपर्यंत मिसळणारा धूर काही शे मीटरांत कोंडतो. पाण्यासाठी केलेल्या कायद्याचा हा परिणाम हवेवर होईल हे २००९ मध्ये कुणी कुठल्या मॉडेलला विचारले नव्हते.

२०१७ च्या नोव्हेंबरात दिल्ली पुन्हा गुदमरली, आणि या वेळी पाषाणच्या हिशेबाने वेगळेच बोट दाखवले. ऑक्टोबरच्या शेवटी इराक, कुवेत आणि सौदी अरेबियाच्या बाजूला उठलेले धुळीचे वादळ उंचावरून वाहत दिल्लीवर उतरले, आणि ८ नोव्हेंबरच्या प्रदूषणात जवळपास ४० टक्के वाटा त्याचा होता, असे सफरने सांगितले. शेतातल्या आगीचा वाटा त्याहून कमी निघाला. अनेकांना हा निष्कर्ष पचला नाही. स्थानिक जबाबदारी टाळायला आखाती देश बरे सापडले, असाही सूर निघाला. पण मॉडेलने दाखवलेली मोठी गोष्ट खरी होती. शहराची हवा शहरापुरती नसते, ती शेकडो, प्रसंगी हजारो किलोमीटरच्या पट्ट्याची असते. ३ डिसेंबरला दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावरच्या क्रिकेट कसोटीत श्रीलंकेचे खेळाडू मास्क लावून क्षेत्ररक्षणाला उतरले, खेळ दोन-तीनदा थांबला आणि भारताचा कर्णधार कोहली याने वैतागून ५३६ वर डाव घोषित केला. त्या दिवशी आखातात वादळ नव्हते आणि पंजाबातली शेतेही जाळून झालेली होती. उरले होते ते दिल्लीचे स्वतःचे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये आयआयटीएम, भारतीय हवामान विभाग आणि नोएडाचे मध्यम पल्ल्याच्या अंदाजाचे केंद्र यांनी दिल्लीसाठी पूर्वसूचना यंत्रणा सुरू केली. सचिन घुडे हे आयआयटीएममधले तिचे प्रमुख शिल्पकार, अमेरिकेच्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्रातल्या राजेशकुमार यांची साथ. संगणक होता त्याच वर्षी जानेवारीत पाषाणला बसलेला चार पेटाफ्लॉपचा ‘प्रत्युष’. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या आकडेमोडी. रिचर्डसनचे ६४ हजार गणकही तिथे गोंधळून गेले असते. दिल्लीवरचा चौकोन लवकरच ४०० मीटरवर आला.

खरी प्रगती मात्र चौकोन लहान होण्यात नव्हती. आधीची मॉडेले आपल्याच कालच्या अंदाजावर आज पुढे चालत, त्यामुळे चूक साचत जाई. नव्या यंत्रणेने रोजचा हिशेब सुरू करण्याआधी उपग्रहांनी पाहिलेला धुरकटपणा आणि जमिनीवरच्या केंद्रांची मोजणी आत घेऊन आपली सुरुवात दुरुस्त करायला घेतली. इथून पुढचे अंदाज कारवाईच्या कामाचे ठरले. त्याच वर्षी हवा बिघडणार हे आधी कळल्यामुळे १ ते १० नोव्हेंबर दिल्ली परिसरातली बांधकामे थांबवण्यात आली. दिवाळी ७ तारखेला होती. हवा बिघडण्याआधीच हात उचलण्याची ही पद्धत ऑगस्ट २०२२ मध्ये नियमात बसली. नव्या ‘ग्रॅप’मध्ये लिहिले गेले की दुसरा, तिसरा आणि चौथा टप्पा निर्देशांक त्या पातळीला पोहोचण्याच्या किमान तीन दिवस आधी, अंदाजाच्या आधारे लागू करावा. आकडेमोडीला इतका मान आपल्याकडे क्वचितच मिळाला असेल.

आणि याच काळात तिच्या कमकुवत जागा दिसू लागल्या.

पहिली जागा आगीची. मॉडेलला आज कुठे आग लागली ते उपग्रह सांगतो, उद्या कुठे लागेल ते कोण सांगणार? बहुधा उद्याही आजच्याइतकीच लागेल असे धरून चालावे लागते. शेतकरी मात्र हवामान, मजूर आणि पोलिसांची जीप पाहून काडी पेटवतो. शिवाय आग टिपणारे नेहमीचे उपग्रह दुपारी दीडच्या आसपास वरून जातात. नासाचे हिरेन जेठवा यांनी २०२४ मध्ये कोरियाच्या, सतत एकाच जागी नजर ठेवणाऱ्या उपग्रहाच्या नोंदी पाहून दाखवले की आगी उपग्रह गेल्यानंतर, उतरत्या दुपारी लावल्या जाऊ लागल्या आहेत. कागदावर आगी घटल्या, आकाशात धूर तेवढाच राहिला.

दुसरी जागा रसायनाची. थंडीतल्या धुक्याचा अभ्यास करायला आयआयटीएमने २०१५ पासून दिल्ली विमानतळावर उपकरणे लावली होती. आयआयटी मद्रासचे सचिन गुंठे आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये सांगितले की दिल्लीच्या धुरक्यात क्लोराइड अनपेक्षित प्रमाणात आहे. प्लास्टिकमिश्रित कचरा जाळल्यावर आणि काही उद्योगांतून निघणारे हायड्रोक्लोरिक आम्ल अमोनियाशी जुळते, त्याचे कण पाणी ओढून फुगतात आणि धुके दाट करतात. कचऱ्याच्या ढिगाला लागलेली आग कुठल्या यादीत नीट लिहिलेली नसते, म्हणून ती मॉडेलातही नसते.

तिसरी जागा राजकारणाची. सफरचा ‘आज आगीचा वाटा इतके टक्के’ हा आकडा दर नोव्हेंबरात मथळ्यांत येऊ लागला. ७ नोव्हेंबर २०२१ ला तो ४८ टक्के होता. आठ दिवसांनी, १५ तारखेला, केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की आगीचा वाटा हिवाळ्यात अवघा चार टक्के आहे. न्यायालय चकित झाले, वाहिन्यांवर दोन दिवस गदारोळ झाला. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर होते. एक सर्वांत वाईट दिवसाचा, दुसरा अख्ख्या मोसमाच्या सरासरीचा. ज्याला जो सोयीचा तो त्याने उचलला. ओस्लोतल्या तक्त्याला सगळ्यांनी आधी मान्यता दिली होती आणि मग तो वाचला होता. आपल्याकडे उलटे झाले.

त्याच वर्षी आयआयटीएमने दिल्ली आणि भोवतालच्या १९ जिल्ह्यांपैकी कुणाचा किती वाटा, वाहतुकीचा किती, उद्योगाचा किती, हे रोज सांगणारी वेगळी प्रणाली उघडली. असा रोजचा दोषाचा तक्ता लोकांसमोर मांडणे धाडसाचे होते. ते टिकले नाही. २०२३ च्या हिवाळ्यात आकडे पुरेसे अचूक नाहीत असा आक्षेप हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाकडून आला आणि प्रणाली बंद पडली. पुढच्या मोसमात ती परतली, पण आक्षेपही सोबत होता, आणि तो निराधार नव्हता. उत्सर्जनाची यादी काही वर्षांपूर्वीची होती. तेवढ्या काळात वाहने बदलतात, कारखाने हलतात, नवे महामार्ग होतात. सप्टेंबर २०२४ मध्ये पाषाणला ‘अर्का’ हा ११.७७ पेटाफ्लॉपचा संगणक आला. संगणकाची ताकद जवळपास तिप्पट झाली, त्याला खायला घालायची यादी मात्र जुनीच राहिली. यादी मोजणे हे घामाचे काम आहे, त्याचे उद्घाटन होत नाही, फीत कापता येत नाही.

शेवटचा अंक नोव्हेंबर २०२४ चा. १३ तारखेला दिल्ली अचानक गडद धुक्यात सापडली आणि निर्देशांक ४१८ वर गेला, म्हणजे तिसऱ्या टप्प्याच्या हद्दीत. आयोगाने त्याला एका दिवसाची अपवादात्मक घटना म्हटले. वारा वाढेल आणि हवा सुधारेल असा अंदाज होता, म्हणून तिसरा टप्पा लावला नाही. हवा सुधारली नाही. तिसरा टप्पा १५ तारखेला सकाळी लागू झाला आणि चौथा १८ ला. त्या १८ तारखेला निर्देशांक ४९४ होता, ज्या मापाचे टोक ५०० आहे त्यावर.

त्याच दिवशी न्यायमूर्ती अभय ओक आणि ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने आयोगाला धारेवर धरले. अंदाजाच्या भरवशावर लोकांच्या जिवाची जोखीम कशी घेता, असा त्यांचा रोख होता. डिसेंबरात नियम बदलला. निर्देशांक ३५० ओलांडताच तिसरा टप्पा आणि ४०० ओलांडताच चौथा, अंदाज काहीही असो.

न्यायालयाचा राग रास्त होता, कारण अंदाजाचा उपयोग आधी धावण्यासाठी करायचा होता आणि केला गेला तो थांबून राहण्यासाठी. हवा बिघडेल असे मॉडेलने सांगितले आणि ती बिघडली नाही, तर दोन दिवसांचे बांधकाम बुडते. सुधारेल असे सांगितले आणि सुधारली नाही, तर दोन-तीन कोटी लोक ती हवा घेतात. या दोन चुका एका तराजूत घालता येत नाहीत, आणि २०२२ चा नियम लिहिणाऱ्यांनी ती बाब अधिकाऱ्यांच्या विवेकावर सोडली होती. पुणे आणि मुंबई या शहरांत तर अंदाजावरून आपोआप लागू होणारा असा टप्प्यांचा नियमच नाही. मुंबई-पुण्याच्या वाचकाने आपल्या नगरसेवकाला दोन गोष्टी विचाराव्यात: शहराची उत्सर्जनाची यादी शेवटची कधी मोजली, आणि उद्याची हवा वाईट असल्याचे आज कळले तर पालिकेत कुणाचा फोन कुणाला जातो?